बसची वेळ

शर्यतीत सगळ्यात मागून जी गाडी येते ना, तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. उलट तिचा आवाज कानावर आला की थकलेल्या माणसाचे पाय आणखीनच लटपटायला लागतात. ही गाडी तुमच्या पुढे गेली की तुमची शर्यत संपली. मग मुकाट्याने आत चढायचं, दिलेलं केळं खायचं आणि शेवटापर्यंत पाहुण्यासारखं बसून जायचं. त्या रविवारी ही गाडी चालवायचं काम काटेकाकांच्या गळ्यात पडलं होतं, आणि ज्याने ते गळ्यात मारलं त्याचा ते सकाळी सहापासून मनातल्या मनात उद्धार करत होते.

काटेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. अकरा वर्षं ते मुलांच्या केंद्राची बस चालवत होते. ज्या मुलांना चालता येत नाही, धड बसता येत नाही, ज्यांचे हात वळत नाहीत आणि ज्यांच्या आईबापांना गाडीभाडं परवडत नाही, अशी एकतीस मुलं ही बस रोज घराजवळून उचलायची आणि दुपारी परत सोडायची. पहिल्या वर्षातला एक दिवस सोडला, तर अकरा वर्षांत बस कधी चुकली नाही की उशिरा आली नाही. घड्याळाचा काटा चुकेल पण हा माणूस नाही, म्हणून मुलांनीच हे नाव पाडलं आणि मग ते सगळ्यांच्याच तोंडी बसलं. आता तर पगाराच्या पाकिटावरसुद्धा तेच लिहिलेलं असायचं.

पण बसचे दिवस भरले होते. तपासणीवाल्याने खाली वाकून बॅटरी मारली, बोटाने पत्रा दाबला, तर बोट आरपार. महिनाअखेरपर्यंत चालवा, म्हणाला, पुढे परवानगी नाही. बस गेली म्हणजे केंद्र गेल्यातच जमा, कारण ही मुलं दुसरं कोण आणणार? शेवटच्या थांब्यावरची पोरगी घ्या. नऊ वर्षांची. बस सुरू व्हायच्या आधी ती दिवसभर खाटेवर आढ्याकडे बघत पडून असायची, आणि तिची आई बाहेरून कडी लावून शिलाईच्या कारखान्यात कॉलर शिवायला जायची. आता ती पोरगी चमचा स्वतः धरते, स्वतःचं नाव वेडंवाकडं का होईना लिहिते, आणि भांडते तर अशी की विचारू नका. शुक्रवारी तिला खाली उतरवून घेताना आई काकांना म्हणाली, "बस बंद होणार म्हणतात. नक्की झालं की मला आधी सांगा हं. तिला कसं सांगायचं ते बघावं लागेल." काकांनी नुसती मान हलवली आणि गिअर टाकला. घरी गेल्यावर त्यांना जेवण गेलं नाही.

केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाई काही हातावर हात ठेवून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी दहा महिन्यांपूर्वीच, तपासणीवाला यायच्या आधीच, पत्र्याची कुरकुर ओळखून नव्या बससाठी दारं झिजवायला सुरुवात केली होती. टाइल्सच्या कारखान्याचा मालक त्यांना म्हणाला, "बाई, माझ्या टेबलावर रोज पन्नास संस्थांची पत्रं येतात. ती मॅरेथॉन होते ना, मुलांच्या संस्थांसाठी? तिच्यात तुम्ही स्वतः पळा. अर्धी नाही, पूर्ण बेचाळीस किलोमीटर. वेळेत पोचलात तर बस माझ्याकडून." तो बहुतेक बाईंना कटवायलाच बोलला असावा. बाई चोपन्न वर्षांच्या, अंगाने भरलेल्या, जिना चढताना दोनदा थांबणाऱ्या. पण बाई म्हणाल्या, लिहून द्या. मालकाला हसू आलं आणि त्याने हसत हसत लिहून दिलं. त्या दिवसापासून बाई पळायला लागल्या. आधी केंद्राच्या आवारात, मग रस्त्यावर, आणि मुलं खिडकीतून त्यांच्या फेऱ्या मोजायची आणि एखादी जास्तीचीच सांगायची.

आता ही मागची गाडी काकांकडे कशी आली, तर ज्या संस्थांना या शर्यतीतून मदत मिळते त्यांनी एकेक गाडी आणि माणसं द्यायची असा नियम. केंद्राच्या बसला रॅम्प, म्हणजे चाकाची खुर्ची चढवायची उतरती फळी. पायात गोळे आलेल्या माणसांना चढवायला याहून सोयीचं काय? कचेरीतल्या कारकुनाने विचार न करता फॉर्मवर सही ठोकली. याचा अर्थ काय होतो ते चार दिवस आधी लक्षात आलं, तेव्हा काका तडक बाईंकडे गेले.

"दुसरा ड्रायव्हर बघा. मी तुम्हाला उचलणार नाही."

"का? तुम्हीच हवेत मला," बाई म्हणाल्या. "दुसरा कुणी घाईघाईने पुढे आला तर? तुम्ही वेळेआधी येणार नाही, एवढी तरी मला खात्री आहे. आणि वेळ संपल्यावर आलात तर मी निमूट चढेन. मी घड्याळसुद्धा घालणार नाहीये. बघितलं की धडधड वाढते. तुम्ही मागे आहात, तेच माझं घड्याळ."

 काका बस धुवायला गेले.

तर रविवार. सहाला शर्यत सुटली, एकला बंद होणार. मागच्या गाडीने किलोमीटरला जवळजवळ दहा मिनिटं या चालीने सरकायचं, एक क्षण लवकर नाही की उशीर नाही. कुठल्या खुणेला किती वाजता असायचं याचा कागद काकांनी समोर चिकटवला होता. शेजारच्या सीटवर शर्यतीचा पंच बसला होता, हातात घड्याळ घेऊन, आणि तो "आता", "थांबा", "सोडा" एवढंच बोलायचा. काकांना तो माणूस भलताच आवडला. मागे मावशी होत्या. मावशी म्हणजे रोज मुलांना कडेवर घेऊन चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या बाई. आज त्यांच्याकडे केळी, पाणी आणि काळा जाड पेन होता. जो चढेल त्याच्या छातीवरच्या नंबरावर त्या पेनाने फुली मारायची, आणि एका फॉर्मवर त्याचा नंबर आणि चढल्याची वेळ लिहायची. फुली पडली की माणूस बाद.

पस्तिसाव्या किलोमीटरपर्यंत बसमध्ये अकरा जण जमले होते. सुरुवातीला ते तोंड पाडून बसले, मग केळी खाऊन तरतरी आली तसे एकमेकांना आपापल्या गुडघ्यांच्या कथा सांगायला लागले. रस्त्यावर आता पळणारं एकच माणूस उरलं होतं. लांबवर, पिवळ्या शर्टातल्या मोठ्या बाई. कधी दिसायच्या, कधी वळणाआड जायच्या.

"काका," मावशी मागून म्हणाल्या, "जरा हळू घेतली तर कुणाला कळणार आहे?"

"या अकरा जणांना उचललं ते काय उगाच?" काकांनी आरशातून डोळे वटारले. "त्यांच्यासाठी नियम आणि आपल्या माणसासाठी सूट? जमायचं नाही." बोलले खरे, पण नजर त्या पिवळ्या शर्टावरून हलेना.

त्याच खुणेपाशी रस्त्याकडेला एक तरुण पळणारा चक्कर येऊन बसला होता. पंच खाली उतरला, त्याचा हात धरला, रुग्णवाहिकेला फोन लावला. "मला याच्याबरोबर जावं लागेल," तो काकांना म्हणाला. "तुमच्याकडे कागद आहे, घड्याळ आहे. तुम्ही चालू ठेवा. वेळ चुकवू नका." कागदाच्या कोपऱ्यात आपला फोन नंबर खरडून तो गेला.

काकांनी सवयीने बसच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग पुन्हा कागदाकडे. कागदावर पस्तिसाव्या खुणेची वेळ होती अकरा अठ्ठेचाळीस. घड्याळ दाखवत होतं अकरा पंचावन्न. सात मिनिटं उशीर. दहा वर्षांत जे झालं नव्हतं ते आज, एवढ्या लोकांसमोर झालं होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्या वर्षी बस एका थांब्यावर चार मिनिटं उशिरा पोचली होती. तिथल्या आईला कामावर जायचं होतं, ती वाट बघून बघून पोराला घेऊन परत गेली, आणि ते पोर दिवसभर रडलं. ते काकांच्या मनाला असं लागलं की त्यांनी त्याच संध्याकाळी बसचं घड्याळ सात मिनिटं पुढे केलं आणि सगळ्या थांब्यांच्या वेळा त्याच घड्याळावर बांधल्या. तेव्हापासून त्या वस्त्यांमध्ये दोन वेळा चालतात, एक बसची आणि एक खरी. "बसचे साडेआठ" म्हटलं की आयांना बरोबर कळतं. केंद्राची घंटासुद्धा बसच्या वेळेवर होते. काकांना तर त्याचा आता पत्ताही नसायचा. घरी भिंतीवरच्या घड्याळाकडे बायको बघायची, आणि ड्रायव्हिंग करताना फोन मावशींच्या पिशवीत, मनगटावर काही नाही. माणूस स्वतःच्या नाकाकडे बघतो का कधी? तसंच.

तर या भल्या गृहस्थाने सात मिनिटं भरून काढायला गाडी दामटली.

बाईंना गाडीचा आवाज आला तेव्हा त्या एका बंद पेट्रोल पंपासमोर होत्या, छत्तिसावी खूण अजून थोडी पुढे होती. त्यांनी मागे वळून पाहिलं. काकांनी कागद पाहिला, घड्याळ पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. काही चूक निघावी म्हणून त्यांनी तो कागद तीनदा वाचला. मग त्यांनी गाडी बाईंच्या पुढे घेतली आणि ब्रेक दाबला. आयुष्यात इतका जड ब्रेक त्यांनी कधी दाबला नव्हता.

"वेळ झाली, बाई," ते म्हणाले.

बाई थांबल्या. वाद नाही, तक्रार नाही. दुसरा कुणी असता तर त्यांनी विचारलं तरी असतं, पण काटेकाका म्हणतात वेळ झाली म्हणजे झाली. दांडीला धरून, एकेक पाय हाताने उचलून, त्या पायऱ्या चढल्या आणि पहिल्या सीटवर बसल्या. गुडघ्यांच्या कथा थांबल्या. मावशींनी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली, मीठ-साखर घातलेली, आणि त्यांच्या पायातले बूट सैल केले. काळा पेन त्यांनी कानामागे खोचून ठेवला होता आणि तो काढायचं नाव नव्हतं.

काकांनी गाडी सुरू केली नाही. शेवटचा माणूस नीट बसला, पट्टा लागला, फॉर्म भरला, की मगच गाडी हलणार. हा त्यांचा रोजचा शिरस्ता आणि आजही तो मोडायचं त्यांना सुचलं नाही. ते समोर काचेतून रिकाम्या रस्त्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर खाटेवर पडलेली ती पोरगी होती.

"वेळ सांगा," मावशी नाक ओढत म्हणाल्या. "फॉर्मवर लिहायचीय."

"अकरा अठ्ठावन्न."

मावशींनी लिहायला हात टेकवला, मग थांबल्या. "बसची लिहू की खरी?"

हे त्या अगदी सहज म्हणाल्या. रोज आयांशी बोलताना हेच तर विचारतात. पण काका सीटवरून असे वळले की त्यांची मान आखडली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मावशींनी पिशवीतून फोन काढला. फोनवर अकरा एक्कावन्न वाजले होते.

"अरे देवा," काका हळूच म्हणाले. "मी काय केलं हे."

कागदाप्रमाणे या पेट्रोल पंपासमोरून गाडी जायची वेळ होती अकरा छप्पन्न. म्हणजे बाईंची पुरती पाच मिनिटं शिल्लक होती आणि ती काकांनी हिसकावून घेतली होती. मावशी लगेच रॅम्पकडे धावल्या. पण काका म्हणाले, "थांबा. चढलेला माणूस बाद, असं नियमात आहे." त्या क्षणी मावशींनी त्यांच्याकडे जसं पाहिलं तसं त्यांच्या बायकोनेही कधी पाहिलं नसेल. काकांनी फोन हिसकावला, कागदाच्या कोपऱ्यातला नंबर लावला, आणि पंचाने उचलल्यावर काही न लपवता सगळं सांगितलं. घड्याळ माझं, चूक माझी, सात मिनिटं माझ्या पदरात घाला, पण या बाईंचं काय?

पंचाने दोनच प्रश्न विचारले.

"त्या चढल्यावर गाडी हलली?"

"नाही. चाक फिरलेलं नाही."

"नंबरावर फुली मारली?"

काकांनी मावशींच्या कानामागच्या पेनाकडे पाहिलं. "नाही."

"मग त्या अजून शर्यतीत आहेत. जिथून चढल्या तिथेच उतरवा. आणि तुम्ही खऱ्या वेळेपर्यंत जागचे हलू नका."

काकांनी फोन मावशींना परत दिला. ते सीटला धरून उभे राहिले आणि बाईंना म्हणाले, "उतरा, बाई. माझं चुकलं. वेळ आहे तुम्हाला."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि उठल्याच नाहीत. बसलेलं अंग थंड पडलं होतं. मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या. पायऱ्या उतरणं तर शक्यच नव्हतं. तेव्हा मावशींनी रॅम्प खाली सोडला, स्वतः त्याच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पुढे केले. "चल, उतर," त्या म्हणाल्या, मोठ्या बाईंना, एकेरीत. "एक पाय टेक. आता दुसरा. पडलीस तर मी आहे." रोज एकतीस वेळा हेच म्हणायची सवय, तोंडातून तेच निघालं. बाई उठल्या. एक पाय टेकला, मग दुसरा. अकरा प्रवासी श्वास रोखून बघत होते.

बाईंचा पाय रस्त्याला लागला तेव्हा अकरा पंचावन्न झाले होते. पाचातली चार मिनिटं गेली होती, एक उरली होती. बाई पळाल्या असं म्हणवत नाही. त्या खुरडत निघाल्या. पण निघाल्या.

पुढचा तास काकांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. मावशी त्यांच्या शेजारी बसून फोनवरची खरी वेळ मोठ्याने वाचत होत्या. बसचं घड्याळ काकांनी रुमालाने झाकून टाकलं होतं. आणि ते अकरा जण, जे मघाशी माना टाकून बसले होते, ते आता खिडक्यांतून अर्धे बाहेर लोंबकळत होते. "बाई, हात हलवा, हात हलवले की पाय हलतात," कुणी म्हणे. "पाणी पिऊ नका आता, पोटात दुखेल," दुसरा म्हणे. स्वतः कुणी पोचलेलं नव्हतं, पण सल्ले असे की जणू पोचूनच आलेत.

पुलाचा चढ आला आणि सगळ्यांचीच तोंडं बंद झाली. बाई चढावर चालायला लागल्या. गाडी त्यांच्या जवळ जवळ जाऊ लागली. वीस पावलं. दहा पावलं. काकांना त्यांच्या पाठीवरचा घामाचा डाग दिसत होता, बुटाची सुटलेली नाडी दिसत होती. ब्रेकवर पाय ठेवायचा मोह असा आला की दातओठ खावे लागले. पण मघा लवकर येऊन त्यांनी एक अन्याय केला होता, आता उशीर करून दुसरा करायचा नव्हता. "वेळ," ते म्हणाले. मावशींनी वेळ वाचली. कागदाप्रमाणे गाडी जिथे हवी तिथेच होती, आणि बाई तिच्या चार पावलं पुढे होत्या. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. चढ संपला, उतार लागला, आणि त्यांचं सगळं वजन, ज्याला त्या दहा महिने शिव्या देत होत्या, ते त्यांना पुढे ओढायला लागलं. अंतर पुन्हा वाढलं.

शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला गाड्या बाजूच्या गल्लीत वळवायच्या होत्या. पुढचं काकांना दिसणार नव्हतं. त्यांनी एका बंद दुकानासमोर गाडी लावली, इंजिन बंद केलं. मावशी बघायला गेल्या. अकरा जणही जमेल तसे त्यांच्यामागे गेले. काका एकटेच बसून राहिले, हात स्टीअरिंगवर, जणू गाडी अजून चालूच आहे.

मावशी परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना, कारण पदराने त्या सगळा चेहरा पुसत होत्या. "पोचल्या," त्या म्हणाल्या. "दीड मिनिट होतं." मग त्या पायरीवर बसल्या आणि आवाज करून रडायला लागल्या. काकांनी खूप दिवसांनी लांब श्वास सोडला. छातीवरून कुणी धोंडा उचलावा तसं त्यांना वाटलं, आणि डोळे भरून आले तर त्यांनी ते पुसलेही नाहीत.

मोठ्या बाई बऱ्याच वेळाने आल्या, गळ्यात पदक, केंद्रात मुलांना व्यायाम शिकवणाऱ्या, आज शेवटाला थांबलेल्या ताईंच्या खांद्यावर हात टाकून. त्यांना घरी न्यायला दुसरी गाडी नव्हतीच. काका खाली उतरून त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"हात सोडा आधी," बाई म्हणाल्या. "मालक होते तिथे. माझ्याकडे भूत बघितल्यासारखं बघत होते. पण शब्द पाळला त्यांनी, पुढच्या महिन्यात बस येईल." मग ताई पाणी आणायला गेल्या तशा त्या हळूच म्हणाल्या, "काका, एक सांगू? कुणाला बोलू नका. तुमची गाडी आली ना, तेव्हा मला बरं वाटलं. सुटले एकदाची, असं वाटलं. पंप आला की खाली बसायचं, असं मी आधीच ठरवलं होतं. तुम्ही आला नसतात तर फुटपाथवर बसले असते, आणि तिथून मला कुणी उठवलं नसतं."

"मग मी म्हणालो तेव्हा का नाही उठलात?"

"तुमचं ऐकून कोण उठतंय. मावशी खाली उभी राहून चल म्हणाली. रोज मी त्या पोरांना तिच्याकडे पाठवते, रडली तरी. मला नाही कसं म्हणता येणार?"

काकांना हसू आलं आणि ते हसता हसता गाडीला टेकले. मग त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी मावशींकडून फोन घेतला, गल्लीच्या टोकाला गेले आणि शेवटच्या थांब्यावरच्या आईला लावला. मागून शिलाई मशीनची घरघर येत होती. रविवारीही ती घरी काम घ्यायची.

"बसचं नक्की झालं," काका म्हणाले. "बंद होत नाही. नवी येणार आहे."

मशीन थांबली.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. "बरं झालं मी तिला काही बोलले नव्हते. तिला माहीतच नाही बस बंद होणार होती ते."

"मग आता नकोच सांगू," काका म्हणाले. "उद्या नेहमीच्या वेळेला घेऊन ये."